घर ठरवायला आणलेली भाची

गावात राहायचं की गावाबाहेर, हा प्रश्न आम्हाला मुळात पडलेलाच नव्हता. तो माझ्या नवऱ्यानं सासूबाईंच्या तावडीतून सुटण्यासाठी, फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या तयार केला.

साठ सालानंतरची गोष्ट. आमच्या लग्नाला दोन दिवाळ्या झाल्या होत्या. नवरा सांगलीत एका सरकारी कचेरीत नोकरीला आणि सासूसासरे साताऱ्याला. तिसऱ्या दिवाळीला आम्ही साताऱ्याला गेलो, तेव्हा सासूबाईंनी करंजी वाढता वाढता सांगितलं, "पाळणा माळ्यावरनं काढून, पुसून ठेवलाय. त्येला वाळवी लागायच्या आत काय ते बघा."

मी ताटात बघायला लागले. नवऱ्यानं करंजीचा मोठा घास तोंडात घातला, म्हणजे निदान तो चावून होईपर्यंत तरी उत्तर द्यायला नको. पण सासूबाई थांबल्या. चावून झाल्यावर तो म्हणाला, "आई, आधी घर तर ठरू दे. आत्ताच्या जागेत पोर कुठं ठेवायचं? पेठेतच राहायचं की विश्रामबागेकडं जायचं, ते एकदा ठरलं की मग..."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. विश्रामबागेचं नावसुद्धा आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. सासूबाई मात्र गप्प झाल्या. घर बदलणं हा पुरुषांचा विषय, त्यात त्या पडत नसत. नवरा सुटला असं मला वाटलं, पण कोपऱ्यात मामंजी बसले होते.

माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे खंडाळ्याकडच्या एका खेड्यातले, पेन्शन घेतल्यावर साताऱ्यात येऊन राहिले. घरी आल्यापासून त्यांना कुणी काही कामगिरीच दिली नव्हती. रोज पहाटे उठून दाढी करायची, बूट चकचकीत करायचे आणि मग दिवसभर काय करायचं ते कळायचं नाही. त्यांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली.

"म्हंजी जागेचा निर्णय झालेला न्हाई?"

"नाही बाबा."

"शत्रू कोण कोण हाय?"

"शत्रू नाही बाबा, घरमालक."

"एकच की," मामंजी म्हणाले. "रेकी करावी लागंल. मी येतो."

एसटीत बसल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "अहो, हे विश्रामबागेचं काय काढलंत मधेच?"

"अगं, काहीतरी बोलायला हवं होतं ना. समोर पाळणा दिसत होता मला." थोडा वेळ खिडकीबाहेर बघून तो म्हणाला, "पण तशी कल्पना वाईट नाही."

आणि तिथून आमचं भांडण सुरू झालं.

आम्ही राहायचो सांगलीच्या गणपती पेठेत, एका हळदीच्या अडत दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली दिवसभर पोती उतरायची, चढायची. हमालांच्या आरोळ्या, तराजूच्या साखळ्या, बैलगाड्या. हळदीची पूड जिन्यानं वर यायची आणि ज्याच्यावर बसेल ते पिवळं करायची. माझी पांढरी पातळं लिंबाच्या रंगाची झाली होती. नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर बघून कचेरीत लोक त्याला कावीळ झाली का विचारायचे. दुकानात सौदे निघाले की मी खिडकीत बसून बघायची. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांच्या हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. तोंडानं एक अक्षर नाही. इतक्या गलक्यात तेवढीच एक मुकी जागा.

मला ते सगळं फार आवडायचं. माझं माहेर साताऱ्यातच, पण भर बाजारात. गोंगाट नसला की मला करमत नसे. शिवाय शेजारच्या काकू होत्या. त्यांची नि आमची गॅलरी एक. माझ्या कढईत काय पडलंय ते त्यांना वासावरून कळायचं आणि त्या तिथूनच सांगायच्या, "मोहरी करपली गं, पुन्हा कर."

नवऱ्याला मात्र आता विश्रामबागेनं झपाटलं. सांगली आणि मिरजेच्या मधला तो भाग तेव्हा सगळा मोकळा होता. कॉलेज, थोडे बंगले, बाकी जोंधळ्याची शेतं आणि बाभळी. नवऱ्याच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं तिथं घर बांधलं होतं. ते बौद्ध होते. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी सगळ्या घरादारासकट दीक्षा घेतलेली. सांगलीत बदली झाल्यावर त्यांनी पेठेत पुष्कळ जागा पाहिल्या. ते सांगायचे, "आधी चहा यायचा. मग आडनाव विचारलं जायचं. मग ती जागा कालच गेलेली असायची. महिनाभर नुसता चहा प्यालो, शेवटी म्हटलं स्वतःचंच बांधू." त्यांनी बांधलं ते जोडघर होतं. एका बाजूला ते आणि त्यांची बायको, दुसरी बाजू भाड्यानं देण्यासाठी रिकामी. ती आम्ही घ्यावी असं त्यांनी सुचवलं होतं.

रोज संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो की हा विषय निघायचा. आमचं मूल अजून कुठंच नव्हतं, पण त्याच्या सवयी दिवसेंदिवस वाढत चालल्या होत्या.

"तो झाडावर चढेल, मातीत खेळेल," नवरा म्हणायचा.

"मातीत खेळून त्याला खरूज होईल. आणि ती मुलगी असली तर? तिला गाणं शिकायचं असलं तर गाण्याचे मास्तर काय बांधावरून येणार?"

"माझ्या मुलीचा आवाज माझ्यावर जाणार. ती गाणार नाही."

"का नाही गाणार? तुम्ही आत्तापासून तिला नाउमेद करू नका!"

एकदा या मुलीला सायकल घ्यायची की नाही यावरून आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी काकू गॅलरीतून म्हणाल्या, "बाई गं, आधी पोरगी तर होऊ दे, मग तिची सायकल माझ्या दारात लाव." तेव्हा कुठं आम्ही बोललो.

अशातच एका सकाळी मामंजी आले. हातात ट्रंक, पाठीवर वळकटी आणि खांद्यावर नणंदेची मुलगी. वय अडीच वर्षं, अंगानं गुबगुबीत, डोक्यावर दोन शेंड्या उभ्या. नणंद दुसऱ्या बाळंतपणासाठी साताऱ्याला आलेली होती.

"ही कशी आली?" मी विचारलं.

"ट्रायल घ्यायला," मामंजी म्हणाले. "रिकाम्या घरात काय कळतंय? तोफेत गोळा न भरता नेम धरायचा व्हय? थोडं दिस हितं ऱ्हायचं, थोडं दिस तकडं. मंग पोरगी रिपोर्ट देईल."

"बाबा, तिला धड बोलता कुठं येतंय?" नवरा म्हणाला.

"बोलून द्यायचा रिपोर्ट नसतोय ह्यो."

तिला एकच शब्द नीट यायचा, तो म्हणजे "नको". तो ती सगळीकडे वापरायची. लाडू हवा का विचारलं की "नको" म्हणून दोन्ही हात पुढे करायची. कडेवर येतेस का म्हटलं की "नको" म्हणून गळ्यात पडायची. तिच्या 'नको'ला काही अर्थ नाही हे आम्हाला पहिल्या तासात कळलं, फक्त मामंजींना कळलं नाही. ते प्रत्येक वेळी "बरं, ऱ्हाऊ दे" म्हणायचे आणि ती भोकाड पसरायची.

पेठेतली ट्रायल सुरू झाली. मी स्टोव्हला पिन मारायला वळले तेवढ्यात पोरगी काकूंच्या मांडीवर. तिथून ती पलीकडच्या बिऱ्हाडात गेली, तिथून आणखी पुढे. दुपारपर्यंत ती इतक्या घरी जेवली की संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं झालं. मामंजींना हे पसंत नव्हतं. "बंदोबस्त ढिला हाय," म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्याच्या तोंडाशी स्वतःची ड्यूटी लावली. बूट घालून, छाती काढून उभे राहिले. पोतं घेऊन हमाल आला की आवाज द्यायचे, "हाल्ट! कोण जातंय?"

"आवं सुभेदार, हळद जातीया," हमाल पोत्याखालून ओरडायचे. "बाजूला व्हा की, मान मोडाया लागली."

एवढा पहारा असताना पोरगी नाहीशी झाली. मामंजी तेव्हा दूधवाल्याला सायकल कुठं लावायची याची शिस्त शिकवत होते, तेवढ्या वेळात ती त्यांच्या पाठीमागून गेली असणार. मी खोल्या पाहिल्या, गॅलरी पाहिली, काकूंकडे पाहिलं. काकूंनी गॅलरीत उभं राहून पेठेला सांगितलं, "सुभेदारांची नात हरवली हो!" काकूंचा आवाज नदीपलीकडं जात असे. पाच मिनिटांत दुकानं सोडून लोक रस्त्यावर. कुणी मारुती चौकाकडे धावला, कुणी घाटाकडे. कुणीतरी कचेरीत जाऊन नवऱ्याला सांगितलं, तो एका पायात चप्पल घालून पळत आला. मामंजी जिन्याशी तसेच उभे होते. चेहरा पांढराफटक. "माझ्या पहाऱ्यातनं गेली," एवढंच म्हणत होते. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

पोरगी खालच्याच दुकानात सापडली. पाठीमागच्या खोलीत हळकुंडांची रास होती, तिच्यावर हातपाय पसरून ती गाढ झोपली होती. शेंड्यांपासून तळव्यांपर्यंत पिवळी. मी उचलायला वाकले तर दुकानाचे मालक आडवे आले. "उठवू नका वहिनी. राशीवर लक्ष्मी झोपलीय." त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं. तासगावहून आलेले खरेदीदार टोप्या काढून कुजबुजत उभे राहिले. तिच्या उशालाच त्या दिवशीचे सौदे झाले. तसेही ते मुकेपणीच व्हायचे, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

जागी झाल्यावर तिनं रुमालाचा खेळ पाहिला आणि स्वतःचा हात पुढे केला. मालकांनी गंभीर चेहऱ्यानं त्यावर रुमाल टाकला आणि आत तिचं बोट दाबलं.

"नको," ती म्हणाली.

मालकांनी आणखी एक बोट दाबलं. "नको." आणखी एक. "नको." सगळं दुकान हसायला लागलं. "भाव कितीही चढवा, माल सुटत नाही," मालक म्हणाले. "हिला मोठी झाली की माझ्याकडं पाठवा." मामंजी तेव्हा कुठं हसले, आणि मग जरा बाजूला जाऊन त्यांनी बराच वेळ नाक शिंकरलं.

पोरगी डाळीचं पीठ लावून धुतली, साबणानं धुतली, काकूंनी सायीनं धुतली. पिवळेपणा हलला नाही. रात्री मामंजींनी रिपोर्ट दिला. "हितं पोर हरवतंय. पर सापडतंय बी."

"बघ! हरवतं," नवरा मला म्हणाला.

"बघा! सापडतं," मी त्याला म्हणाले.

मग टांगा करून आम्ही विश्रामबागेत गेलो. सहकाऱ्यांनी रिकामी बाजू झाडून, माठ भरून ठेवली होती. नवऱ्यानं रजा काढली होती. घर छान होतं, ऐसपैस होतं, पुढं अंगण, अंगणात गुडघाभर गवत. पण अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. माझ्याच बांगड्या वाजल्या की मी दचकून बघायची. नवरा ओट्यावर पाय पसरून "अहाहा, काय हवा," असं दर थोड्या वेळानं म्हणायचा, आणि कुणी उत्तर दिलं नाही की पुन्हा म्हणायचा.

दुपारी पोरीला झोपवायला घेतलं. ती डोळे मिटायची, कान टवकारायची आणि उठून बसायची. मग रडायला लागली. गोष्ट झाली, गाणं झालं, पाठीवर थोपटणं झालं. काही उपयोग नाही. "बाजाल," ती म्हणत होती. "बाजाल!"

"काय म्हणतीया?" मामंजींनी विचारलं.

"बाजार," मी म्हणाले. "आवाज नाही म्हणून झोप येत नाही तिला." खरं तर मलाही येत नव्हती.

नवऱ्यानं थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं. मग उठला, डोक्यावर उशी घेतली आणि ओट्यावर फेऱ्या घालायला लागला. "ए बाजू! पोतं आलं, बाजू!" पोरगी रडायची थांबली. मामंजींना कामगिरी समजली. त्यांनी मांडी ठोकली आणि तोलणाऱ्याच्या सुरात, एकाच्या जागी 'लाभ' म्हणत, मापं मोजायला घेतली, "लाभ रे लाभ! दोन रे दोन!" पोरीच्या पापण्या जड झाल्या. त्यांनी जरा दम घेतला की ती डोळे उघडायची, की यांचं पुन्हा सुरू.

भिंतीपलीकडून सहकारी धावत आले. "काय झालं? कुणाला लागलं का?"

नवरा उशीखालून म्हणाला, "थांबलो तर ती उठेल. बाजू, बाजू!"

त्यांनी एकदा आत डोकावलं. पोरीकडं पाहिलं, मामंजींकडं पाहिलं. मग सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि अंगणात गोल फिरत टांग्याचा आवाज काढायला लागले. जिभेनं टक टक टक टक. मधेच घोड्याला "हो, हो" म्हणायचे. त्यांच्या बायको दारात येऊन उभ्या राहिल्या. आमची तोवर धड ओळखही झाली नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आवाज न करता. पोरगी झोपली होती ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींची मोहीम झाली. तिथं घरात संडास नव्हता, टमरेल घेऊन शेतात जावं लागायचं. पलीकडच्या रानात पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून आलेल्या मेंढपाळांचा तळ पडला होता. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी त्यांना बोलवायचे. त्या कळपात एक दांडगा मेंढा, एडका होता, शिंगं अशी की दोन वेढे पूर्ण करून तिसरा सुरू झालेला. मामंजी टमरेल घेऊन निघाले आणि थोड्याच वेळात मला त्यांचा कडक आवाज आला.

"हाल्ट! पीछे मुड!"

मी खिडकीतून पाहिलं. कुणाच्या तरी अर्धवट बांधलेल्या घराची भिंत होती. तिच्यावर मामंजी टमरेलासकट उभे होते आणि खाली एडका मान खाली घालून उभा होता. हुकुमाचा त्याच्यावर काही परिणाम होत नव्हता.

"अहो, जा की!" मी नवऱ्याला म्हणाले. तो काठी घेऊन धावला. एडक्यानं वळून त्याच्याकडं पाहिलं. पुढच्या क्षणी भिंतीवर दोघं उभे होते आणि काठी खाली पडली होती.

"तुला कुमक म्हणून बोलावलं, का गर्दी करायला?" मामंजी त्याला विचारत होते.

मी दाराकडे वळले तोवर उशीर झाला होता. पोरगी हातात भाकरीचा तुकडा घेऊन गवतातून चालली होती, सरळ एडक्याकडं. मी ओरडत धावले, भिंतीवरून ते दोघे ओरडले. तिनं भाकरी पुढं केली. एडक्यानं ती खाल्ली. मग तिनं त्याचं एक शिंग पकडलं, त्याच्या तोंडापुढं बोट नाचवलं आणि दरडावलं, "नको!" एडका जागच्या जागी बसला आणि रवंथ करायला लागला.

तेवढ्यात घोंगडं सावरत म्हातारा मेंढपाळ आला. "आवं पाव्हणं, वर काय करतायसा?"

मामंजींनी टमरेल दुसऱ्या हातात घेतलं.

"त्यो मारत न्हाई. खेळतोय. तुमी पळाला न्हवं, म्हून त्येला लय मजा वाटली."

"मी पळालो न्हाई," मामंजी भिंतीवरून म्हणाले. "उंच जागा घेतली."

म्हाताऱ्यानं त्यांना हात देऊन खाली उतरवलं. नंतर ते दोघं आमच्या ओट्यावर चहा पीत बसले. म्हाताऱ्याचा पुतण्या पलटणीत होता असं निघालं, मग काय विचारता. पोरगी म्हाताऱ्याच्या हातावर फडकं टाकून त्याचं बोट दाबत बसली. मेंढरांच्या बाजारातही भाव तसाच ठरतो म्हणे, त्यामुळे तो लगेच तिच्याशी सौदा करायला लागला. "नको," "नको," असं चाललं होतं. "लय पक्की हाय गड्या," तो मामंजींना म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. निर्णय घ्यायचा होता. मी म्हणाले, "मला वाटतं आपण इथंच राहावं."

नवरा उडालाच. "इथं? अगं, एडका पाहिलास ना? मी तर म्हणत होतो, पेठच बरी."

"पेठेत पोर हरवतं, तुम्हीच म्हणालात."

"सापडतं, तू म्हणालीस. आणि गाण्याचे मास्तर? ते इथं कसे येणार?"

"टांग्यानं येतील! आणि तिचा आवाज तुमच्यावर जाणार होता ना?"

"का म्हणून माझ्यावर? तू आत्तापासून तिला नाउमेद करू नको!"

मामंजी आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं बघत होते. "थांबा," ते म्हणाले. "तुमी दोघांनी आपसांत मोर्चं बदललं व्हय? मला कुणी सांगिटलं न्हाई." मग त्यांनी नातीला समोर उभं केलं. "आता तूच सांग बाळ. पेठंत ऱ्हायाचं?"

"नको."

"मंग साताऱ्याला?"

"नको."

"मंग कुठं?"

तिनं विचार केला. माझ्या मांडीवर लाडवांचा डबा होता. ती आली, डबा बाजूला सारून मांडीत बसली, डबा पुन्हा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "हितं."

मामंजी उठून उभे राहिले. "हितं म्हंजी विश्रामबाग. ऑर्डर निघाली."

"बाबा, ती मांडीबद्दल बोलतेय," नवरा म्हणाला.

"मांडी कुठं हाय? विश्रामबागंत हाय."

पुढच्या महिन्यात आम्ही बैलगाडीत सामान घालून राहायला गेलो. काकू निरोप देताना रडल्या आणि तिसऱ्याच दिवशी कढईत काय करपलंय ते बघायला टांग्यानं हजर झाल्या. नात साताऱ्याला पोचली तेव्हाही पिवळीच होती. नणंदेनं तिला पाहून म्हणे विचारलं, "बाबा, हिचं लग्न लावून आलात का?"

आमची मुलगी झाली त्यानंतर दोन वर्षांनी. पुसून ठेवलेला पाळणा साताऱ्याहून एसटीच्या टपावरून आला. मुलगी रांगायला लागली आणि आम्ही मोठ्या अभिमानानं तिला अंगणात, गवतात सोडलं. हीच तर ती मोकळी हवा, हीच माती. संध्याकाळी तिच्या अंगावर तांबड्या गांधी उठल्या, हात, पाय, पोट, सगळीकडे. आम्ही घाबरून तिला मिरजेच्या एका डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. "घाबरण्यासारखं नाही. हिला गवत सोसत नाही. उघड्यावर फार सोडू नका. राहता कुठं?"

"विश्रामबागेला," नवरा म्हणाला.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "गावात जागा बघता येते का बघा. पेठेबिठेत. अशा मुलांना ते मानवतं."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहणार नव्हते, पण पाहिलं. आणि दवाखान्यात, आजारी मूल मांडीवर असताना, आम्हाला असं हसू फुटलं की डॉक्टरांनी चष्मा काढून "यात हसण्यासारखं काय आहे?" असं रागावून विचारलं. सांगायचं कुठून? आम्ही औषध घेऊन बाहेर आलो आणि टांग्यात घर येईपर्यंत हसत होतो. टांगेवाला सारखा मागं वळून बघत होता.

पेठेत परत जायचं दोघांच्याही तोंडून निघालं नाही. रविवारी नवरा खुरपं घेऊन गवत काढायला बसला. पलीकडून सहकारी आले, त्यांच्या बायको आल्या. बातमी कळल्यावर साताऱ्याहून मामंजी स्वतःचं खुरपं घेऊन आले आणि त्यांनी अंगणाचे पट्टे आखून प्रत्येकाला एकेक वाटून दिला. मधोमध बाजेवर मुलगी बसायची आणि आम्ही सगळे तिच्याभोवती उकिडवे बसून खुरपत असू. पावसाळ्यात गवत पुन्हा यायचं, आम्ही पुन्हा बसायचो. अशी काही वर्षं गेली. पाठ दुखायची, पण त्या खुरपणीत ज्या गप्पा झाल्या तशा पुन्हा कधी झाल्या नाहीत.

मुलगी चार वर्षांची झाल्यावर एका दुपारी बाजेवरून उतरली, न काढलेल्या गवतातून अनवाणी चालत पलीकडच्या घरी गेली, तिथं जेवली आणि तशीच परत आली. तिच्या अंगावर काहीच उठलं नव्हतं. आम्ही खुरपत होतो. तेव्हा कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.